अडतीस फुटांचा बुरूज

देवळाली कॅम्प
४ ऑक्टोबर २०२४

चि. मोहिनी,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात मोजून देत बसत नाही. तू भोवरगडाच्या कामावर साइट इंजिनियर म्हणून रुजू झालीस, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. मी तीनदा ‘काय?’ म्हटल्यावर तिने वैतागून फोन ठेवला आणि चौथ्या दिवशी पोस्टकार्ड टाकलं. माझे कान आता पुरते गेलेत. इथल्या तोफांच्या सरावाने खिडकीची तावदानं हलली की दहा वाजले एवढं कळतं. तेव्हा मला लिहायचं तर कागदावर लिही.

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या कचेरीतल्या मंडळींनी मला एक ‘जीर्णोद्धार’ केलेला किल्ला दाखवायला नेलं. नाव सांगत नाही, सांगताना तोंड कडू होतं. तटावर सिमेंटच्या चर्या, म्हणजे वरच्या त्या पाकळ्या, अशा काढल्यात की लग्नाच्या हॉलवर शोभाव्यात. दगडांच्या मधल्या दर्जा पांढऱ्या रंगाने आखल्यात. दरवाजाशी फायबरची तोफ, तिच्या तोंडात कुरकुऱ्यांची पाकिटं. मला खरोखर मळमळलं. चहासुद्धा न घेता मी गाडीत जाऊन बसलो.

भोवरगडाचं तसं होणार नाही, कारण तिथे काम माझ्या चित्रावरून होणार आहे. १९८७ साली खात्याने मला खिंडीतला तो बुरूज मोजायला पाठवलं होतं. उभे होते फक्त नऊ थर. मी पायाच्या कमानीवरून गोलाई काढली आणि भिंत वर जाताना किती आत कलते ते ओळंब्याने मोजलं. मग पायथ्याशी पडलेल्या दगडांचा ढीग टेप लावून मोजला: साठ फूट लांब, तीस रुंद, मध्यावर आठ उंच. त्यातली पोकळी वजा घालून उरलेला दगड त्या गोलाईत रचला, तर बुरूज अडतीस फूट भरला. पडलेला बुरूज आपली उंची पायाशीच ठेवून जातो, हे मी तेव्हा लिहिलं आणि पुढे दोन पिढ्यांच्या पोरांना शिकवलं. जिल्ह्याच्या पुस्तिकेत ते चित्र छापलंय. माझ्या हातून आयुष्यात झालेलं बरं काम तेवढंच.

ठेकेदाराला त्यात बोटभरही बदल करू देऊ नकोस.

तुझा
किशोरमामा

---

भोवरवाडी
१३ ऑक्टोबर २०२४

ती. मामा,

नमस्कार. तुमचं पत्र एसटीचे कंडक्टर मल्हारीभाऊंनी डब्याच्या पिशवीतून आणून दिलं, त्यामुळे त्याला लसणाच्या चटणीचा वास आहे. इथे फोन लागतो तो एका खडकावर एका पायावर उभं राहिल्यावर, तेव्हा पत्रच बरं.

तुमची मळमळ मला कळली. मी ती रोज गिळते. आमचे ठेकेदार अमितशेठ परवा नाशिकहून गाडीभर नमुने घेऊन आले. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या बाजूला मिळतात त्या राखेच्या विटा आतून, बाहेरून दगडाचा पातळ पापुद्रा, वर रंगीत दिवे. मी म्हटलं, मूळ बुरूज चुन्यातला आहे. ते म्हणाले, ‘मॅडम, पब्लिकला चुना दिसत नाही, लायटिंग दिसतं.’ आणि तिथल्या तिथे, पहिल्या थरावर, गुटख्याची पिचकारी मारली. तीनशे वर्षांच्या दगडावर. मी बाटलीतलं पाणी ओतून तो दगड धुतला. हाताचा वास दिवसभर गेला नाही.

त्यांच्याशी भांडायला तुमचं चित्रच माझ्या कामी येतं. त्यात लिहिलंय, ‘पायथ्याच्या ढिगातील मूळ दगड वापरूनच बांधावे.’ ते दाखवून मी विटा परत पाठवल्या. काम भात काढून झाल्यावर, नोव्हेंबरअखेर सुरू होईल.

पण एक विचारायचंय. कामावर पाणी आणणाऱ्या कुसाबाई म्हणून एक बाई आहेत, साठीच्या. आम्ही ढिगाला खुणेचे खुंटे ठोकत होतो तेव्हा त्यांनी हंडा खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘बाई, ह्यो ढीग हालवू नका. ह्यो गडाचा नाय, आमचा हाय.’ मी कारण विचारलं तर हंडा उचलून चालू लागल्या. संध्याकाळी मी ढिगाचा वरचा थर थोडा उकरून पाहिला. घडीव दगड एकही नाही. सगळे नदीतले गोल धोंडे, पंजात मावतील एवढे. तुम्हाला तेव्हा असं काही दिसलं होतं का?

मोहिनी

---

देवळाली कॅम्प
१९ ऑक्टोबर २०२४

चि. मोहिनी,

विटा परत पाठवल्यास, शाबास. त्या अमितच्या तोंडात तोच दगड कोंबायला हवा होता. या लोकांना किल्ला म्हणजे पिचकारी मारायची मोठी भिंत.

नदीच्या गोट्यांचं म्हणशील तर त्यात नवल काय? बुरजाच्या दोन्ही अंगांना घडीव दगड असतो आणि पोटात भराव. भरावाला जवळचा मिळेल तो दगड घालतात. बुरूज कोसळला की जड घडीव दगड आधी पडतात, पोटातला भराव त्यांच्यावर ओतला जातो. म्हणून वर गोटे. दुसऱ्या वर्षाच्या पोराला मी हे विचारत असे.

आणि वाडीच्या लोकांचं फार मनावर घेऊ नकोस. आमच्या काळीही हेच होतं. गोठ्याच्या ओट्याला, विहिरीच्या कठड्याला आयता दगड मिळतो, तो हातचा जाईल म्हणून ‘आमचा आहे’. अशिक्षित लोकांनी जितका किल्ला खाल्ला तितका तोफांनीही पाडला नाही. मला याही गोष्टीची शिसारी आहे. ठेकेदार वरून खातो, हे खालून खातात.

उकरणं बंद कर. चित्राप्रमाणे बांध.

किशोरमामा

---

भोवरवाडी
५ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

हे पत्र शांतपणे वाचा, आणि वाचून झाल्यावर लगेच उत्तर द्या.

काल भाऊबीज होऊन दुसरा दिवस. सकाळी तिन्ही वाड्यांतली माणसं गाठोडी, भांडी, कोंबड्या घेऊन खिंडीत जमली. दरवर्षी भात काढून झालं की ही सगळी पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षांच्या बागांवर कामाला जातात, ती होळीला परततात. प्रत्येकाच्या हातात खालच्या नदीतून आणलेला एकेक धोंडा होता. आईच्या पाठीवरच्या लेकराच्या नावाचासुद्धा आईच्या हातात वेगळा. एकेक जण ढिगापाशी आला, धोंडा ठेवला, हात लावला आणि खिंड उतरून गेला. पाऊण तासात दोनशेच्या वर धोंडे पडले. कुसाबाईंनी आपला ठेवला आणि मला म्हणाल्या, ‘आपून गेलो तरी आपलं कायतरी हितं ऱ्हायला पायजे. नायतर डोंगर वळखत नाय परत आल्यावर.’ त्यांचे एकटीचे चाळीसच्या वर धोंडे आहेत त्यात. दोन मुलगे गेले ते परत आले नाहीत, त्यांचे धोंडेही त्यातच आहेत.

तुमचा टेप धरणारे हिरामणबाबा तुम्हाला आठवतात? सत्त्याऐंशीत ते विशीचे होते. आता गुडघे गेल्यामुळे ते वाडीतच राहतात. मी त्यांना विचारलं, बाबा, तुम्ही साहेबांना हे सांगितलं का नाही? ते म्हणाले, ‘सायबांनी लांबी इचारली, रुंदी इचारली. काय हाय ते कुठं इचारलं?’ ते खोचून नाही बोलले, मामा. आपलं सहज.

मग मी तुमचा हुकूम मोडला. हिरामणबाबांची परवानगी घेऊन ढिगाला कडेने एक अरुंद चर घेतला आणि नंतर सगळे धोंडे जिथल्या तिथे लावले. ढिगात पडलेला बुरूज तळाशी कमरेएवढाच आहे. घडीव दगड, चुन्याची ढेकळं, भराव, सगळं त्यात आहे. त्यावरचं सगळं नदीचं, त्यात चुन्याचा कणही नाही. भराव असता तर चुना लागला असता की नाही, हेही तुम्हीच आम्हाला शिकवलंत. माझ्या हिशेबाने बुरूज साडेबावीस फुटांचा होता. त्याऐवजी अडतीस फूट चढवले तर खालचे नऊ मूळ थर ते वजन पेलणार नाहीत. आणि चढवायला दगड लागणार तो या लोकांच्या ढिगातला.

मंजुरी तुमच्या चित्रावर आहे. कचेरीतले साहेब म्हणतात, मूळ चित्रकाराने उंची चुकली असं सही करून दिलं तरच काम थांबवता येईल, माझ्या मॅडमपणाला तिथे कोणी विचारत नाही. पंचवीस तारखेला मशीन येणार आहे. तुमची चार ओळींची सही मला वीसपर्यंत हवी. मी स्वतः आले असते, पण मी इथून हलले की ठेकेदाराची माणसं दुसऱ्या दिवशी ढीग उपसायला घेतील.

मामा, चूक कोणाचीही होते. तुम्ही सही कराल याची मला खात्री आहे.

मोहिनी

---

भोवरवाडी
२७ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

तुमचं पत्र नाही. आईला विचारलं, ती म्हणते प्रकृती ठीक आहे, रोज फिरायला जातात.

परवा मशीन आलं. मी दोन दिवस ढिगापुढे खुर्ची टाकून बसले. आज सकाळी अमितशेठने कचेरीचा कागद आणून दाखवला. त्याला तुमच्या चित्राची प्रत जोडलेली होती आणि ‘ढिगातील मूळ दगड वापरूनच’ या ओळीखाली लाल रेघ होती. मी खुर्ची बाजूला घेतली.

मोहिनी

---

देवळाली कॅम्प
२ डिसेंबर २०२४

चि. मोहिनी,

सोबत सहीचा कागद आहे. चार ओळी मागितल्या होत्यास, दोन पानं लिहिलीत. उंची चुकली, ढीग न तपासता मोजला, गावकऱ्यांना विचारलं नाही, सगळं आहे त्यात.

उशीर का झाला ते लिहितो. आधी खोकल्याचं कारण लिहिलं होतं, तो कागद फाडला. खोकला नाही. तुझं पत्र मला अकरा तारखेला मिळालं. त्याच दुपारी मी जुनी वही काढून आकडे पुन्हा मांडले. बावीस फूट सात इंच आले. तुझ्यापेक्षा एक इंच जास्त. त्या एका इंचाचासुद्धा मला आनंद झाला, यावरून ओळख मी काय माणूस आहे ते.

मग सहीचा कागद लिहिला. लिहिला, घडी घातली आणि चित्राच्या फळीखाली ठेवला. रोज सकाळी वाटायचं, आज टाकू. पोस्टावरून रोज दोनदा जात होतो. मनात म्हणायचो, आणखी दोन दिवस थांबावं, मोहिनी हुशार आहे, ती काहीतरी करून थांबवेल. म्हणजे काम थांबेल आणि माझं चित्रही राहील. वीस तारीख गेली तेव्हा मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच वाटलं.

आयुष्यभर लोकांना शिव्या घातल्या की यांना किल्ल्यातलं काही कळत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्या अमितने पिचकारी मारली ती धुता तरी आली. मी तर वाडीच्या लोकांना अशिक्षित म्हटलं, दगडचोर म्हटलं, तेही तुझ्यासारख्या पोरीला लेखी. ते पत्र जाळून टाक. नको, ठेव.

जमेल तितकं वाचव.

किशोरमामा

---

भोवरवाडी
१५ डिसेंबर २०२४

ती. मामा,

तुमचा कागद सहा तारखेला पोचला. ढीग चार दिवसांत संपला होता. मशीनच्या बकेटमधून धोंडे ओतताना आवाज होतो ना, तो अजून माझ्या कानात आहे. नदीचे धोंडे गोल, ते एकमेकांवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी ते फोडून खडी केली आणि सिमेंटमध्ये कालवून बुरजाच्या पोटात भरले. आता ते परत काढताही येणार नाहीत. बाहेर हिरामणबाबा काठी टेकून दिवसभर उभे होते. त्यांनी कोणाला शिवी दिली नाही. मला दिली असती तर बरं झालं असतं.

कागद मी कचेरीत नेऊन दिला. साहेबांनी वाचला आणि म्हणाले, ‘आता चौतीस फूट झालंय, चार फुटांसाठी कशाला?’ आवक वहीत नोंद केली, शिक्का मारला, प्रत मला दिली. बुरूज अडतीस फूट पुरा होईल. तिसऱ्या थरातल्या एका दगडाला उभी चीर गेली आहे. अमितशेठने त्यावर सिमेंट लिंपून घेतलं.

पायथ्याशी फरशी बसवायची आहे, ‘मूळ रूपाचे अभ्यासक’ असं लिहून खाली तुमचं नाव. तुमचा कागद आल्यामुळे अमितशेठ नाव गाळायला तयार आहेत. काय करू ते कळवा.

मी राजीनामा दिलाय. वर्षअखेर सुटेन.

आणखी एक लिहिते, कारण मनात ठेवलं तर तुमच्याशी खोटं वागल्यासारखं होईल. तुमची चूक मला कधीच माफ झाली होती. अकरा ते वीस तारखेच्या त्या नऊ दिवसांची मात्र किळस येते. अमितशेठची येते तशीच. मी लहानपणी तुमच्या फळीशेजारी बसून पेन्सिली तासल्या आहेत, म्हणून जास्त येते.

मोहिनी

---

देवळाली कॅम्प
१८ मार्च २०२५

चि. मोहिनी,

तीन महिने तुला लिहायला तोंड नव्हतं. फरशीचं विचारलं होतंस, त्याचं उत्तरही दिलं नाही. ते आता देतो: मी अमितला परस्पर कळवलं होतं की नाव राहू दे. त्याला वाटलं म्हाताऱ्याला मोह सुटत नाही. वाटू दे. तो बुरूज बघून ज्याला थुंकावंसं वाटेल त्याला कोणाच्या नावावर थुंकायचं हे कळलं पाहिजे.

होळीला वाडीची माणसं परततात असं तू लिहिलं होतंस. म्हणून धुळवडीनंतर दोन दिवसांनी मी एसटीने भोवरवाडीला गेलो. तुझ्या मल्हारीने मला हात धरून उतरवलं. वाडीतून खिंडीत चढताना चारदा बसावं लागलं.

बुरूज पाहिला. माझ्या चित्रात आहे तसाच आहे, हेच सर्वांत वाईट. प्रत्येक रेघ माझी. सिमेंटचा राखाडी रंग, चर्यांच्या मधून लोंबणाऱ्या वायरी, खाली कोणीतरी वाढदिवसाचा केक कापून टाकलेला खोका. जुन्या नऊ थरांना आताच पोट आलंय, दोन पावसाळे काढतील तर नवल. मी माझंच चित्र बघत होतो.

हिरामण भेटला. मी ओळखलं नाही, त्याने ओळखलं. मी त्याला हात जोडले तर तो माझ्या कानाशी ओरडून म्हणाला, ‘साहेब, तुमी आमची टेप धरायची मजुरी रोजच्या रोज देत होता, बाकीचे देत नव्हते.’ असं काही चांगलं तो का बोलला ते मला कळत नाही. मग त्याने मला कुसाबाईंकडे नेलं. खूप माणसं जमली. मी जे झालं ते सांगितलं. मोजलं मी, लिहिलं मी, आणि थांबवता येत होतं तेव्हा नऊ दिवस गप्प बसलो तोही मीच, असं सांगितलं. मला ऐकू येत नाही, त्यामुळे ते काय बोलले ते मला कळलं नाही. तोंडं दिसत होती. कोणी रागावलेलं दिसलं नाही. मी काय म्हणतोय ते त्यांना फार आधीपासून ठाऊक असल्यासारखी ती बघत होती. थोड्या वेळाने एकेक जण उठून कामाला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीची वाट बघत खिंडीतल्या थांब्यावर बसलो होतो. कुसाबाई आणि आणखी पाच-सहा बाया गाठोडी घेऊन आल्या. कांद्याच्या कामाला परत पिंपळगावला निघाल्या होत्या, पंधरा दिवसांसाठी. प्रत्येकीच्या हातात नदीतला ओला धोंडा होता. सवयीने त्या बुरजापाशी आल्या आणि थांबल्या. तिथे आता फरशी आहे, साखळी आहे, ‘आत येऊ नये’ अशी पाटी आहे.

कुसाबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ओरडून बोलल्या, म्हणून ऐकू आलं. ‘साहेब, तुमाला सगळं ठावं असतं कुठं काय व्हतं ते. आता ह्यो कुठं ठिवू, सांगा.’

टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरंच जागा हवी होती. मी चाळीस वर्षं नुसते नऊ थर बघून लोकांना सांगत आलो की इथे दरवाजा होता, इथे पहारा होता, इथे अडतीस फूट होते. मी इकडेतिकडे पाहिलं. शेवटी मी हात पुढे केला की माझ्याकडे द्या, मी सांभाळतो.

त्यांनी दिला नाही. धोंडा पदरात बांधला, पाठीला टाकला आणि एसटीत चढल्या.

किशोरमामा